चासीवर बॉडी बांधताना

माझ्या संगणकात '४१४२४१' या नावाचा एक फोल्डर आहे. तो पहिल्यांदा नजरेस पडला तेव्हा डाउनलोडच्या नादात कुठूनतरी घाण घरात आली असावी, असे वाटून मी तो पुसून टाकायला निघालो होतो. नशिबाने आधी उघडून पाहिला. आत माझीच सगळी कमाई होती: सहा ट्रक, चार गॅरेजे, बँकेचे अर्धे फेडलेले कर्ज आणि ल्यूबेकहून निघून अजून न पोचलेला एक कंटेनर. 'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा खेळ खेळाडूच्या प्रोफाइलचा फोल्डर तयार करताना त्याच्या नावातले प्रत्येक रोमन अक्षर सोळा-आधारी आकड्यांत लिहून ठेवतो. त्या लिपीत ए म्हणजे ४१ आणि बी म्हणजे ४२. मी प्रोफाइलला नाव दिले होते ए, बी, ए. म्हणजे आबा.

आबा हे माझे थोरले चुलते. त्यांनी आयुष्याची छत्तीस वर्षे ट्रक चालवला. त्यांच्या नावाचे ते प्रोफाइल मी मुळात गाडी चालवण्यासाठी उघडले नव्हते. नवे मॉड, म्हणजे मूळ खेळात बदल किंवा भर घालणारी बाहेरची फाइल, बसवताना काही बिघडलेच तर माझा मूळ खेळ सुरक्षित राहावा, म्हणून चाचणीसाठी केलेले ते वेगळे खाते होते. पुढे मूळ खाते मागे पडले आणि चाचणीचेच खाते घर झाले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने तो ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आणला. त्यात शर्यत नाही, मारामारी नाही, शत्रू नाही. माल उचलायचा, साधारण एकास एकोणीस या प्रमाणात आखडलेल्या युरोपच्या रस्त्यांवरून तो वेळेत पोचवायचा, सिग्नल तोडला तर दंड भरायचा, झोप आली तर थांबायचे. दिवसभर हिंजवडीच्या रहदारीत गाडी चालवून आलेला माणूस रात्री जेवण झाल्यावर पुन्हा गाडीच चालवायला बसतो, हे आमच्या घरात आजवर कोणालाही पटवून देता आलेले नाही, आणि खरे सांगायचे तर मी तसा प्रयत्नही सोडला आहे.

खेळात माझे साडेचारशे तास झाल्याची नोंद आहे. या नोंदीत न मोजलेले, पण तितकेच मनापासून घालवलेले तास निराळे आहेत. ते खेळ बंद ठेवून फोल्डर उघडण्यात, फाइली हलवण्यात, त्यांचा क्रम बदलण्यात आणि एखादे मॉड का चालत नाही याचा छडा लावण्यात गेले. मित्र म्हणतात, त्यापेक्षा सरळ खेळत जा. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला बरीच वर्षे सुचत नव्हते. ते शेवटी आबांच्या एका जुन्या गोष्टीत सापडले.

१९८३ साली आबांनी स्वतःच्या मालकीची पहिली गाडी घेतली. घेतली म्हणजे पिंपरीहून चासी आणली. त्या काळी ट्रक विकत घेणाऱ्याला कारखान्यातून ट्रक मिळत नसे. इंजिन, चाके, समोरचे बॉनेट, स्टेअरिंग आणि मागे उघडे पडलेले दोन लांबलचक लोखंडी बार एवढेच मिळत असे. केबिन नाही, समोर काच नाही, बसायला सीटसुद्धा नाही. आबा एका लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला टॉवेल आणि डोळ्यांना गॉगल लावून, कात्रज आणि खंबाटकी असे दोन घाट ओलांडून तो सांगाडा कराडला घेऊन आले. वाटेत पाऊस लागला. पाऊस अंगावर घेतच ते आले. त्यानंतर चाळीस दिवस बॉडी बांधण्याचे काम चालले. आधी वेल्डर, मग सुतार, मग पत्र्याचे काम करणारा, त्यानंतर लांबी भरून घासणारा, मग रंगारी आणि सगळ्यांत शेवटी अक्षरे काढणारा पेंटर. हौद्याच्या फळ्या किती जाडीच्या, फाळक्याचे कडे कुठल्या उंचीवर, टपावर सामानासाठी जाळी ठेवायची की नाही, हे सारे गाडीचा मालक ठरवत असे. आबा अजूनही सांगतात, "कारखान्यातनं गाडी येत न्हाई, चासी येती. गाडी आपण करायची."

मॉड म्हणजे नेमके हेच. प्रागहून येते ती चासी.

सुदैवाने ही चासी बनवणाऱ्यांना आपल्या मालावर कोणी बॉडी बांधली तर राग येत नाही. उलट कंपनी मॉड करणाऱ्यांना साधने आणि माहिती मोफत पुरवते. खेळाच्या रचनेतही या कामासाठी मोठ्या समजुतीने जागा ठेवलेली आहे. खेळाचा सगळा ऐवज, नावाच्या शेवटी एससीएस हे शेपूट असलेल्या मोठमोठ्या गाठोड्यांत, म्हणजे फाइलींत, बांधलेला असतो. एका गाठोड्यात ट्रकांचे आकार आणि रंग, दुसऱ्यात नकाशा, तिसऱ्यात कुठल्या गाडीला किती गिअर आणि कुठल्या मालाला किती भाडे याची साध्या मजकुरात लिहिलेली कोष्टके. मॉड हेही तसेच एक छोटे गाठोडे असते. ते बसवताना मूळ गाठोड्याला कोणी हात लावत नाही. डॉक्युमेंट्समधल्या खेळाच्या फोल्डरात 'मॉड' नावाचा एक फोल्डर असतो, त्यात ते ठेवायचे आणि खेळातल्या मॉड मॅनेजरमध्ये जाऊन चालू करायचे. खेळ सुरू होताना ही सगळी गाठोडी एकावर एक रचली जातात, आणि एकाच पत्त्यावर एकाच नावाची फाइल दोन ठिकाणी सापडली तर जी वर असेल ती चालते.

कौलारू घर शाकारताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच उमजेल. प्रत्येक वरचे कौल खालच्या कौलाच्या डोक्यावर चढलेले असते, आणि ही चढण एका ठिकाणी जरी उलटी झाली तरी पहिल्याच पावसात घरात धार लागते. मॉड मॅनेजरच्या पडद्यावर दोन याद्या दिसतात. डावीकडे नुसती आणून ठेवलेली मॉडे, उजवीकडे चालू केलेली. उजव्या यादीतला वरखाली क्रम म्हणजेच कौलांची चढण. तिथे चूक झाली की गळती ठरलेली, आणि गळती जिथे दिसते तिथेच भोक असेल याची खात्री नसते.

माझे पहिले मॉड हॉर्नचे होते. वर्ष २०१७. जर्मनीच्या महामार्गावर ताशी नव्वदच्या शिस्तीत चालणाऱ्या माझ्या ट्रकाला आपल्याकडच्या ट्रकाचा चढाउतरता, सुरेल हॉर्न असावा, एवढी साधी इच्छा होती. फाइल उतरवली आणि मॉड फोल्डरात टाकली. खेळ उघडला तर मॅनेजरमध्ये काहीच नाही. पुन्हा टाकली. तरीही नाही. दोन रात्री गेल्यावर ध्यानात आले की माझ्या संगणकात डॉक्युमेंट्स नावाचे फोल्डर दोन होते: एक संगणकाच्या तबकडीवरचा आणि दुसरा क्लाउडशी जोडलेला. खेळ दुसऱ्यात शोधत होता, आणि मी रोज पहिल्यात नेऊन ठेवत होतो. एकाच गल्लीत एकाच आडनावाची दोन घरे असावीत आणि पोस्टमनने महिनाभर पत्रे भलत्याच घरात टाकावीत, तसा तो प्रकार.

फाइल योग्य घरात पोचली तरी प्रश्न सुटला नाही. संगणक ओळखीच्या फाइलींची शेपटे लपवून ठेवतो. मला 'हॉर्न एससीएस' दिसत होते ते प्रत्यक्षात 'हॉर्न एससीएस झिप' होते, म्हणजे गाठोडे अजून दुसऱ्या गाठोड्यात होते. इथे एक बारकावा आहे, आणि नवा माणूस हमखास त्यातच अडकतो. काही झिप फाइली सोडवाव्या लागतात, कारण आत एससीएस असते. काही झिप फाइली स्वतःच मॉड असतात, आणि त्या सोडवल्या की बिघडतात. ओळखायचे कसे? झिप उघडून आत डोकवायचे. पहिल्याच पायरीवर 'मॅनिफेस्ट' नावाची छोटी फाइल दिसली तर ते मॉड आहे, त्याला तसेच उचलून ठेवायचे. आत नुसतेच दुसरे गाठोडे दिसले तर बाहेरचे फडके सोडायचे. मॅनिफेस्टमध्ये मॉडचे नाव, करणाऱ्याचे नाव, खेळाच्या कुठल्या आवृत्तीशी ते जुळते, अशी माहिती लिहिलेली असते. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागचे पान वाचल्यासारखी मी ती अजूनही आधी वाचतो.

तिसऱ्या रात्री मॉड यादीत आले, चालू झाले, आणि एच हे बटण दाबल्यावर मूळचाच हॉर्न वाजला. या वेळी दोष क्रमाचा होता. त्याआधी मी हौसेने आवाजांचा एक मोठा संच बसवला होता, आणि तो यादीत वर बसला होता. त्यातही हॉर्नची फाइल होती. माझे कौल त्याच्याखाली दडले होते. बाण दाबून हॉर्नला एक पायरी वर चढवले आणि कोलोनच्या बाहेर, मध्यरात्री, रिकाम्या रस्त्यावर तो वाजला. खोलीचे दार लोटायचे राहून गेल्यामुळे तो आमच्या सोसायटीच्या जिन्यातही वाजला.

त्या तीन रात्रींनी मला नोंदवही वाचायला शिकवले. खेळ दर वेळी सुरू होताना काय काय केले ते एका साध्या मजकूर-फाइलीत लिहीत जातो. ती उघडली की शेकडो ओळी दिसतात आणि पहिल्यांदा छाती दडपते. पण त्यात आपल्या फाइलीचे नाव शोधायचे एवढेच काम असते. गाठोडे नीट बसले असेल तर त्याच्या नावापुढे ते बसवल्याची आणि आतून किती नोंदी वाचल्या त्याची ओळ असते. बिनसले असेल तर 'एरर' शब्द असलेली ओळ असते, आणि बहुधा कुठली फाइल कुठल्या पत्त्यावर सापडली नाही हेही तिथेच लिहिलेले असते. इतके करूनही लोक लिहितात की मॉड चालत नाही, कोणीतरी मदत करा. आबांच्या भाषेत, गाडी बंद पडल्यावर बॉनेट न उघडताच मिस्त्रीला हाक मारणारे.

मॉड आणायला ज्या बाजारात जावे लागते त्याविषयी न बोललेलेच बरे. पण बोलल्याशिवाय राहवत नाही. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातल्या 'वर्कशॉप' विभागात आता पुष्कळ मॉडे एका बटणावर मिळतात, आणि नवख्याने तिथून बाहेर न पडावे हेच योग्य. मात्र आपल्याला हवे असलेले नेमके एक मॉड नेहमी बाहेरच्याच एखाद्या संकेतस्थळावर असते. तिथे 'डाउनलोड' असे लिहिलेली हिरवी बटणे पाच-सहा असतात आणि खरे बटण त्यांतले सर्वांत लहान आणि राखाडी असते. माझा नियम सोपा आहे: ट्रकचे मॉड म्हणून जी फाइल एक्सई या शेपटाने येते ती मॉड नव्हे. मॉड हे ठेवण्याचे गाठोडे आहे, चालवण्याचा प्रोग्राम नव्हे. हा नियम मी ठेच लागल्यावरच शिकलो, आणि ती ठेच मला संगणक पुसून पहिल्यापासून सगळे बसवण्याइतकी महाग पडली. त्यात त्या संकेतस्थळाइतकाच माझा उतावीळपणाही सामील होता.

त्याहून जास्त खटकते ती चोरी. एखादा पोलिश किंवा तुर्की माणूस नोकरी सांभाळून वर्षभर एका ट्रकाची केबिन घडवतो, डॅशबोर्डवरचा एकेक दिवा काढतो, आणि सोबतच्या चिठ्ठीत फक्त इतकेच लिहितो की हे दुसरीकडे चढवू नका, माझ्या दुव्यावरूनच उतरवा. आठवड्याभरात तीच फाइल दहा ठिकाणी, त्याचे नाव काढून, ठेवलेली असते. आमच्याकडे बॉडी बांधणारा आपले नाव आणि गाव फाळक्याच्या कोपऱ्यात छोट्या अक्षरांत लिहीत असे, आणि दुसऱ्या कोणी गाडी रंगवली तरी ते नाव पुसायचे नाही, अशी आबांची ताकीद असे. मी ती चिठ्ठी आता वाचतो. मूळ दुवा सापडला नाही तर मॉड उतरवत नाही. यामुळे दोन चांगल्या गाड्यांना मुकलो आहे.

मॉडांमधला सगळ्यात जोखमीचा प्रकार म्हणजे नकाशा. हॉर्न चुकला तर हॉर्न वाजत नाही. नकाशा चुकला तर पायाखालचा रस्ताच जातो. 'प्रोमॉड्स' नावाचा गट हौशी लोकांचा आहे, आणि २०१३ पासून तो खेळाच्या युरोपात भर घालत आला आहे. मूळ खेळात नसलेले आइसलँड आणि फेरो बेटे त्यांच्यामुळे पाहायला मिळतात. नकाशा अनेक मोठ्या तुकड्यांत येतो, सगळे तुकडे एकाच आवृत्तीचे असावे लागतात, ती आवृत्ती खेळाच्या आवृत्तीशी जुळावी लागते आणि खेळाचे बहुतेक अधिकृत नकाशा-विस्तार आपण विकत घेतलेले असावे लागतात. शिवाय एका नकाशावर दुसरा नकाशा चढवायचा तर कोण वर आणि कोण खाली याचे ठरलेले नियम आहेत, आणि ते पाळूनही दोघांनी एकाच माळरानावर रस्ता काढलेला असेल तर हवेत लटकणारा पूल किंवा डांबरातून उगवलेले झाड दिसू शकते.

मी एकदा आइसलँडमध्ये मासळीची खेप घेऊन उभा होतो. रात्र झाली होती, खेळ जतन केला आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी दुसरे काहीतरी तपासायचे म्हणून नकाशाची मॉडे तात्पुरती बंद केली आणि विसरलो. त्यानंतर खेळ उघडला तेव्हा काही मॉडे गायब असल्याची सूचना आली. ती न वाचताच मी 'पुढे' म्हटले. ज्या गावात मी उभा होतो ते गाव आता जगात नव्हते. खेप गेली, तिथले गॅरेज गेले आणि त्याच दिवशी काढून टाकलेल्या मॉडचा एक ट्रकही ताफ्यातून नाहीसा झाला. घोड्यावर बसून घोडा विकावा तसे मी केले होते. त्या दिवसापासून यादीला हात लावण्याआधी ४१४२४१ या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे ठेवतो.

माझा पुतण्या या सगळ्याला हसतो. त्याची पिढी मोबाइलवर 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' खेळते. तोही खेळ मॉडांसाठी उघडा आहे, आणि बसच्या अंगावरचे रंगकाम म्हणजे तर नुसते एक चित्र असते. ते निवडले की बस रंगली. त्यामुळे जावाच्या रस्त्यांवर लाल रंगाची एसटी धावताना दिसते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली, तेव्हा पाऊणशे वर्षांनी ती केळीच्या बागांमधून इंडोनेशियातही धावेल असे कोणाला वाटले असते? पुतण्याच्या बसवर 'कराड–स्वारगेट' अशी पाटी आहे आणि खाली 'विनाथांबा'. ते रंगकाम करणाऱ्याने दरवाज्याजवळचे पान खाऊन थुंकल्याचे डागसुद्धा काढले आहेत. इतक्या बारकाईचे कौतुक करावे की नाही, मला ठरवता आले नाही.

२०२० साली, घराबाहेर पडायची बंदी असताना, खेळाची १.३७ ही आवृत्ती आली. तिने आवाजाची जुनी व्यवस्था पूर्ण काढून टाकली आणि तिच्या जागी 'एफमॉड' ही नवी व्यवस्था आणली. इंजिनचे आवाज त्यानंतर खूपच खरे झाले, हे मान्य करायला हवे. आधी आवाज म्हणजे फोल्डरात ठेवलेल्या सुट्या ध्वनिफाइली असत. आता त्या 'बँक' नावाच्या बंद पेटीत जाऊन बसल्या. त्या एका दिवशी आवाजांची सगळी जुनी मॉडे मुकी झाली. माझा हॉर्नही गेला. बनवणाऱ्याने ते काम केव्हाच सोडून दिले होते. मी मूळच्या हॉर्नवर आलो, आणि तीन वर्षे त्यावरच राहिलो, कारण त्या उन्हाळ्यात कोणत्याच रस्त्यावर हॉर्न वाजवावा असे काही उरले नव्हते.

२०२३ च्या हिवाळ्यात आबा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने अंधुक दिसते, आणि डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला बंदी केलेली. रात्री त्यांना झोप येत नसे. मी खेळत असलो की ते माझ्यामागे खुर्ची टाकून, भिंतीकडे तोंड करून बसत आणि नुसते ऐकत.

"गाडी कुठली ही?" त्यांनी पहिल्या रात्री विचारले.

"मर्सिडीज, आबा."

"चांदणीवाली?" त्यांचा आवाज बदलला. "मी किन्नर म्हणून चढलो ते तिच्यावरच. बासष्ट साल." किन्नर म्हणजे क्लीनर, ड्रायव्हरचा मदतनीस.

१९५४ ते १९६९ या काळात टाटांचे ट्रक मर्सिडीज-बेन्झच्या सहकार्याने बनत आणि त्यांच्या तोंडावर ती तीन टोकांची चांदणी असे. मी त्यांना सांगितले की या खेळात सुरुवातीला परवान्याअभावी मर्सिडीजचे नावच नव्हते. तिच्या धाटणीचा ट्रक 'मॅजेस्टिक' या नावाने चालत असे, आणि खऱ्या नावाचा बिल्ला लोक मॉड म्हणून लावत. मग मॉड म्हणजे काय हे सांगणे आले. मी गाठोडी, याद्या, क्रम, सारे सांगत गेलो. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही.

"म्हंजे बॉडीच बांधतुयास की," ते शेवटी म्हणाले.

थोड्या वेळाने म्हणाले, "वरच्या गिअरात लौकर टाकलीस. इंजन कण्हतंय." मी पाहिले तर खरेच चढ होता आणि मी गिअर घाईने बदलला होता. पडद्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला ते कळले होते. दुसऱ्या रात्री एक मोटार आडवी आली म्हणून मी हॉर्न दाबला. आबा बराच वेळ गप्प राहिले.

"हा हॉर्न न्हवं," ते म्हणाले. "हे घंटी वाजवल्यागत झालं."

मी त्यांना २०१७ च्या त्या सुरेल हॉर्नची जुनी ध्वनिफीत शोधून ऐकवली. त्यांनी मान हलवली. तो नंतरच्या पोरांचा. त्यांच्या गाडीला विजेचा हॉर्न होता, पण खिडकीच्या बाजूला त्यांनी एक रबरी फुग्याचा पितळी भोंगाही बसवून घेतला होता, कारण बॅटरी उतरली तरी भोंगा उतरत नाही, आणि घाटात वळणाआडच्या गाडीला तोच ऐकू जातो. "हाय अजून. माळ्यावर आसंल."

संक्रांतीच्या सुटीत त्यांना गावी सोडायला गेलो तेव्हा माळ्यावर चढलो. भोंगा तिथे होता, पोत्यात गुंडाळलेला. पितळ काळे पडले होते आणि रबराचा फुगा दगडासारखा झाला होता. दाबायला गेलो तर त्याला भेग पडली. कराडच्या एका सायकलच्या दुकानात त्या मापाचा फुगा मिळाला. आबांनी भोंगा खोलून आतली पत्ती रॉकेलमध्ये बुडवली, पंच्याने पुसली, फुंकून पाहिली, परत बसवली. या कामात त्यांनी मला हात लावू दिला नाही. मी फोन घेऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो. त्यांनी तीनदा दाबला. पहिल्यांदा नुसता वारा, दुसऱ्यांदा एक घोगरी उचकी, आणि तिसऱ्यांदा तो असा भरून वाजला की शेजाऱ्यांचा कुत्रा उठून भुंकायला लागला.

पुण्यात परतल्यावर दोन आठवडे एफमॉडशी झटापट केली. ध्वनिफीत तशीच फोल्डरात ठेवून भागत नाही. एफमॉड स्टुडिओ नावाच्या साधनात तिची 'इव्हेंट' नावाची नोंद तयार करावी लागते, बटण दाबून ठेवले असेपर्यंत कुठला भाग फिरत राहावा आणि सोडल्यावर शेपूट कसे विरावे ते आखावे लागते, मग त्याची बँक बांधावी लागते आणि सोबत ओळख-क्रमांकांची एक यादी द्यावी लागते. साधनाची आवृत्ती खेळातल्या आवृत्तीशी जुळली नाही तर बँक बसते, पण वाजत नाही. माझी तशी चारदा बसली आणि वाजली नाही. पाचव्यांदा नोंदवहीत एरर आला नाही. मॅनिफेस्टमध्ये करणाऱ्याच्या नावाच्या जागी मी आबांचे नाव आणि गावाचे नाव लिहिले.

एकच गोष्ट साधली नाही. भोंग्याचा आवाज अंगणात विरत जातो त्या विरण्यातच कुत्र्याचे भुंकणे मिसळलेले आहे. ते कापले की विरणेही तुटते आणि आवाज डब्यात कोंडल्यासारखा होतो. मी पुष्कळ खटपट केली. मग आबांना फोन लावून, स्पीकरसमोर फोन धरून दोन्ही ऐकवले: कापलेला आणि न कापलेला.

"दुसरा," ते म्हणाले. "पहिला शेरातला वाटतोय."

तेव्हापासून दुसराच आहे. रॉटरडॅमच्या बंदराबाहेरच्या मोठ्या चौकात पहाटे एखादी मोटार मध्येच घुसते, मी एच दाबतो, भोंगा वाजतो, बटण सोडतो, आणि डचांच्या त्या धुवून काढल्यासारख्या रस्त्यावर आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा दोनदा भुंकतो. यादीत ते मॉड मी सगळ्यात वर ठेवले आहे.